उजवीकडचं दार

आमच्या इकडे गाडी निवडत नाहीत,
गाडीच्या घराण्यात जन्माला येतात.
हाल्वोरचे आजोबा निळ्या लंबगोलाचे,
म्हणून वडील, म्हणून हाल्वोर.
फोर्ड हा कुळाचार.
क्रूसे मंडळी सोनेरी फुलीवाली, शेव्हरलेची.
त्यांच्याकडे आमची नणंद दिली
तेव्हा चर्चमध्ये कोणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं,
बाहेर पार्किंगमध्ये मात्र दोन्हीकडचे पुरुष
एकमेकांची बॉनेटं उघडून बराच वेळ उभे,
बैलाचे दात बघावेत तसे.
आणि ती तिसरी, एडक्याच्या डोक्याची, रॅम,
तिचं नाव सासरे जेवताना काढू देत नसत.

मार्चमध्ये हाल्वोरचा डावा पाय गेला.
म्हणजे आहे, जागेवर आहे,
पण सांगितलेलं ऐकत नाही,
आमच्या थोरल्यासारखा.

जुनी फोर्ड वीस वर्षांची.
उणे तीसच्या रात्री तिला विजेच्या वायरीला बांधून ठेवायची,
दावणीच्या जनावरासारखी,
तरी सकाळी घसा खाकरून गप्प.
ऑक्टोबरात सोळा कालवडी घाट चढवून न्यायच्या होत्या.
मी चेकबुक घेतलं. तो म्हणाला, तू बघ.
असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला,
तेही खिडकीकडे तोंड करून.

हायवेवर तीन शोरूम ओळीनं,
मध्ये धान्याचे दोन टॉवर नि एक बंद पडलेलं मोटेल.
पहिल्या दुकानातला टकर नावाचा पोरगा
टॉर्क, ॲक्सल, एवढे पौंड, तेवढे टन
आरती म्हणावी तसा न थांबता म्हणाला.
मी म्हणू दिलं.
हिशेबाची वही माझ्याच हातची आहे,
कुठला पंप कुठल्या हिवाळ्यात गेला,
कुणाच्या डिझेलनं कुणाला बर्फात दगा दिला,
सगळं त्यात आहे, तारखेनिशी.

मग मी वळसा घालून पलीकडचं दार उघडलं आणि चढून बसले.
मॅडम, स्टिअरिंग इकडे.
माहीत आहे, म्हटलं.

एक्केचाळीस वर्षं मी या बाजूला बसले.
उजवीकडून चढायचं तर डावा पाय आधी उचलावा लागतो,
हे टकरच्या कागदावर कुठे नव्हतं.
हातानं धरायची मूठ कुठे येते,
पायरी किती खाली उतरते,
सीटवर अंग सरकतं की अडकतं,
मी डावा पाय लाकडासारखा ताठ धरून
तिन्ही दुकानांत चढले-उतरले,
प्रत्येकी सहा वेळा.
दुसऱ्या दुकानात एक म्हातारा माझ्याकडे बघून हसला,
मग त्याच्या लक्षात आलं,
मग त्यानं टोपी काढली.

घरी नेली ती एडक्याची.
हाल्वोर ओट्यावर उभा.
त्यानं ग्रिलवरचं ते शिंगाळं डोकं पाहिलं,
बाप थडग्यात कूस बदलतोय की काय,
तसा क्षणभर जमिनीकडे पाहिला.
बोलला काहीच नाही.
दार उघडलं. पायरी खाली आली.
मूठ धरली. चढला.

खालच्या कुरणापर्यंत चार मैल,
वाटेत तारेचं गेट.
आमच्याकडे नियम आहे, सगळ्या मोंटानात असावा:
गेट उघडायचं उजवीकडच्यानं.
मी ब्रेक लावून स्वतःच उतरायला निघाले
तर पलीकडचं दार आधीच उघडलेलं.
आधी काठी, मग पाय, मग उरलेला हाल्वोर.
खांबाची तार सोडवायला त्याला
किती वेळ लागला मी मोजला नाही.
इंजिन चालू होतं. वारा होता.

या बाजूला बसून तो दरवेळी हॉर्न वाजवायचा,
एवढंसं गेट, सिग्ने, किती वेळ!

माझा हात हॉर्नपासून वीतभर लांब होता.
मी तो मांडीवर ठेवला.