गुडघ्याची उंची

प्रश्न चौदावा: पुराचं पाणी घरात किती चढलं?
उत्तर सेंटीमीटरमध्ये लिहा.

बी म्वानैदी हसली, कढईतली मंदाझी उलटली,
म्हणाली, पोरा, पाणी काय पट्टी घेऊन येतं?
त्या साली गुडघ्याला होतं.
पुढच्या साली इथं,
आणि पिठाचा हात कमरेला लावला.
पांढरा पंजा उमटला.
एकदा नातवाच्या हनुवटीला, तोही पलंगावर उभा.

मी विद्यापीठाची टेप काढली.
गुडघा सेहेचाळीस.
कंबर पंच्याण्णव.
नातू आता वाढलाय, मापात येईना.
तिनं हवेत तळवा धरला, एवढा होता.
मी हवा मोजली.

नगरपालिकेच्या नकाशात ही गल्ली नाही.
म्सिंबाझीच्या काठाला नुसता हिरवा रंग,
खाली बारीक अक्षरात: मोकळी जागा.
आम्ही अकरा जण, दोन पावसाळे,
चारशे बारा घरं.
घोटे, मांड्या, बेंब्या,
एका ठिकाणी शिवणयंत्राचं चाक.
लियिमो सर प्रत्येक आकडा दोनदा विचारायचे,
सभेत साहेब तिसऱ्यांदा विचारतील म्हणून.

साहेबांनी विचारलंच.
मग हिरव्यावर चारशे बारा ठिपके पडले
आणि कुणीतरी खुर्ची मागं सरकवली.

गटार झालं.
दार-ए-सलामला साजेशा सावकाशीनं, पण झालं.
एप्रिलातला पाऊस आला तसा उताराला लागला.
बी म्वानैदीची चूल विझली नाही,
दुसरी कढई आली,
शेजारची म्वाजुमा पीठ मळायला लागली, रोजानं.

हे मी अहवालात लिहिलं, जरा फुशारकीनंच,
आणि तिला वाचून दाखवलं.
तिनं झाऱ्यावरचं तेल निथळू दिलं.
म्वाजुमाचं पुढचं का नाही लिहिलंस?
जमीन कोरडी झाली तसं भाडं दुप्पट झालं.
गेली ती, पुगूच्याही पुढं.
पहाटेची पहिली बस धरली तरी
ती पोचेपर्यंत माझं पीठ मळून होतं.
इतकी वर्षं पाण्याला जमलं नाही
ते तुमच्या गटारानं केलं.

मी पेन शोधत राहिलो.

पंधरावा घाल, ती म्हणाली.
कोरडं झाल्यावर कोण गेलं?
आणि हे सेंटीमीटरमध्ये विचारू नकोस.

नवा फॉर्म काल छापून आला.
पंधराव्यापुढं
आम्ही अर्धं पान मोकळं ठेवलंय.