शहाऐंशी-बारा

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमध्ये, गाळा नंबर सतराच्या माळ्यावर
मी डिझेलची वही लिहिते.
किलोमीटर भागिले लिटर.
दशांशानंतर दोन आकडे.
महिनाअखेरीला मोटवानीशेठ तिसराही मागतात.

आमच्याकडे गाड्यांना नावं नाहीत,
नंबरातले शेवटचे चार आकडे, बस.
शहाऐंशी-बारा जूनपर्यंत तीन-दहा द्यायची,
न्हावाशेवा ते चाकण, भरून जाणं, रिकामं येणं,
मध्ये घाट.
जुलैत तीन.
ऑगस्टात दोन-ब्याऐंशी.
मग दोन-सत्तर.
आकडा खाली येतो तेव्हा आवाज होत नाही,
आणि वहीला काय, ती कुठलाही आकडा घेते.

शेठ म्हणाले, गहिनीनाथ डिझेल काढतोय.
असं म्हणायला आमच्या धंद्यात पुरावा लागत नाही,
हातभर रबरी नळी लागते,
आणि ती तर प्रत्येकाच्याच केबिनमध्ये असते.
भत्त्यातून सहाशे कापले. मग आठशे. मग बाराशे.
कापले मीच, लाल पेनाने.
तो सही करायचा, सांगळेमधला ‘ळ’ नीट वळवून,
आणि दर वेळी तेच,
"मॅडम, गाडी जड ओढतीय."
मी म्हणायचे, बरं, लिहिते.
लिहायला रकाना नव्हता.

तसा तो टायर टॉमीने ठोकून आवाज ऐकणारा,
पहाटे एअर फिल्टर झटकणारा,
रांगेत चार तास उभं राहावं लागलं तर इंजिन बंद करून
घामात झोपणारा माणूस.
उतारावर न्यूट्रल टाकून थेंब वाचवणाऱ्यांतला नव्हे.
"चार लेकी हायेत घरी," म्हणायचा,
"डिझेल काय, भरता येतं परत."

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी कामोठ्याची बस पकडायला उतरले,
शहाऐंशी-बारा नुकतीच येऊन टेकली होती.
तरसेम मिस्त्री पाण्याची बाटली घेऊन
तिच्याभोवती फिरत होता, सावकाश,
एकेका चाकाच्या हबवर चार थेंब उडवत.
पहिल्यावरून पाणी ओघळलं.
दुसऱ्यावरून ओघळलं.
तिसऱ्या, चौथ्यावरूनही.
डावीकडचं मागचं चाक मात्र
चर्र बोललं,
भाकरीचा तवा बोलतो तसं.

तरसेमला तीस वर्षं झाली इथे,
त्याचं मराठी अजून पंजाबच्या उतारावरून येतं.
"ही तर ब्रेक लावूनच धावते आहे, बेटा.
सुटतच नाही पूर्ण. किती महिने?"

किती महिने ते माझ्याकडे लिहिलेलं होतं.
लाल अक्षरात, तारीखवार.

एक चाक थांब म्हणत होतं,
बाकीची त्याला ओढत घाट चढत होती,
आणि हिशेब मी माणसाच्या नावावर मांडत होते.

काम दोन तासांचं निघालं.
अडकलेला अ‍ॅडजस्टर, एक बुश, मूठभर ग्रीस.
चारशे चाळीस रुपये, पावती क्रमांक बावन्न.
बस गेली होती. मी बॅटरी धरून उभी राहिले,
ग्रीसचा वास ओढणीला लागला तो गेला नाही.

नोव्हेंबरात तीन-शून्य-आठ.
शेठ खूश. "बघितलंस? कापल्यावर सुधारला."
मी पावती क्रमांक बावन्न पुढे सरकवली.
ते "हं" म्हणाले आणि फोन घेतला.

त्या दुपारी मी वहीच्या उजव्या कडेला
पट्टी धरून एक रेघ मारली.
रकान्याचं नाव: गाडी काय म्हणते.
पहिली नोंद, शहाऐंशी-बारा,
सांगळे यांना देणे सव्वीसशे.
शेठनी अजून ते पान उलटलेलं नाही.

गहिनीनाथ पैशांचं विचारत नाही.
पुढच्या ग्रीसिंगची तारीख तेवढी विचारतो,
सही करायच्या आधी.