वजनाचा दिवस

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
मी आढ्याला काटा टांगते.
काटा जुना, कधी खरं बोलतो, कधी नाही,
म्हणून आधी त्याची परीक्षा:
अंगणवाडीची घंटा त्याच्या आकड्याला अडकवते.

घंटा म्हणजे तोफगोळ्याचं रिकामं टरफल.
टेकडीपल्याड फौजेचं सरावाचं मैदान आहे,
तिथून भिवा कुमरेनं उचलून आणलेलं,
भंगारवाल्यानं भाव पाडला म्हणून
रागानं आमच्या कडुनिंबाला टांगून गेलेला.
सात किलो. भंगारवाल्याकडेही सातच भरलं होतं.
काटा सातावर थांबला की मी म्हणते,
चला, आणा लेकरं.

दुरपताचा सुजल, बावीस महिन्यांचा,
झोळीत बसतो आणि रडत नाही.
मला रडणारं पोर बरं वाटतं,
त्याच्यात तेवढा जोर असतो.
काटा जरा डुगडुगतो,
सहा किलो आठशेवर उभा राहतो.
"घंटीपेक्षा कमी?" दुरपता विचारते.
मी तक्त्याच्या लाल पट्ट्यात टिंब देते.

तेवढ्यात टेकडीमागे दणका.
पत्रे थरथरतात, डाळीच्या डब्याचं झाकण वाजतं,
रिकामी झोळी हलते.
आज तिकडं लाल झेंडा आहे,
म्हणजे मोहफुलं वेचायला बंदी,
म्हणजे बायांची मजुरी झाडाखालीच वाळणार.

एका गोळ्याला किती पडतात,
मी एकदा ग्रामसेवकाला विचारलं होतं.
ते गुपित असतं म्हणाला, मॅडम.
अंड्याचा भाव मात्र त्याला पैशासकट पाठ.
अंडी दिवाळीपासून वरून यायची आहेत.

मला वाटलं, दुरपता शिव्या घालेल.
पण तिचा भाऊ कुठंतरी बर्फात पहाऱ्यावर आहे,
घरावरचे पत्रे त्याच्या पगाराचे.
झोळीची गाठ सोडत ती म्हणाली,
"माह्या भावाले तिकडं गोया कमी पडू देऊ नोका, बाई.
अन् याले अंडंबी."
एका दमात.
जसं काही दोन्ही एकाच दुकानात मिळतं
आणि दुकान माझं आहे.

वजनं संपली. वही मिटली.
घंटा परत कडुनिंबाकडे न्यायची होती,
एका हातात पेलवेना,
म्हणून कडेवर घेतली.
सुजलपेक्षा जड लागली,
दोनशे ग्रॅमनं.