मारबतीच्या दिवसाची फाइल

सावजीवाले पराते काउंटरपाशी उभेच,
दुपट्ट्यानं मान पुसत:
"ते जुनं मेनू कार्ड पाह्यजे, हेडाऊंनी केलेलं.
फाइलचं नाव? ते काऊन माहीत राहीन मले?"

डिस्कवर सव्वासहा लाख फायली.
लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, वॉर्डात पडलेल्यांची हँडबिलं,
आणि 'फायनल' नावाच्या एकशे नव्वद.
त्यातली एकही फायनल नाही.

मी काळ्या खिडकीत 'फाइंड' लिहिलं, अगदी मुळापासून.
कूलरच्या टाकीतलं पाणी आटेस्तोवर
ते दारोदार फिरत राहणार, मला ठाऊक होतं.
हेडाऊ काका असते तर म्हणाले असते,
"सुईसाठी अख्खी इतवारी पालथी घालून राहिली का वं पोट्टे?
आधी गल्ली सांग. मग दुकान."

कंट्रोल-सी.
गल्ली सांगितली: काकांचं फोल्डर.
बॅकअपची गोदामं वगळली.
'ग्रेप'ला शब्द दिला: पाटवडी.
काही नाही.
डाळकांदा. काही नाही.
मग आठवला त्या काळचा फॉन्ट.
पडद्यावर पाटवडी दिसायची,
आत मात्र इंग्रजी अक्षरांचा चुरा,
मधेच डॉलर, मधेच उलटा स्वल्पविराम.
मराठीत विचारलं म्हणून मराठी सापडत नव्हती.

"दिवस आठवतो का, पराते भाऊ?"
"आठवते ना. बाहेरून काळी मारबत जाऊन रायली होती.
ढोलात आयकू काई येत नोव्हतं,
हेडाऊ कागदावर लिहून इचारे:
खूर वर घेऊ की मुंडी?"

साल निघालं पोराच्या दहावीवरून,
तारीख पंचांगातून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची.
त्या पहाटेनंतरच्या,
पुढच्या पहाटेआधीच्या, तेवढ्याच.
एंटर.

बोट उचललं नाही तोच तीन नावं.
पहिलं परात्यांचं कार्ड.
दुसरी कुणाच्या तरी बारशाची पत्रिका.
तिसरी रात्री एक चाळीसला केलेली,
रोमन अक्षरांत: यशोदेस पत्र.
आकार शून्य.

"हेच! हेच ते!" पराते खांद्यावरून वाकले.
"भाव तेवढे बदला. मटण तवा एकशेवीस होतं."
मी भाव बदलले. खूर वरच ठेवला.

रिकाम्या फायली शोधून
एका फटक्यात पुसणारी एक ओळ आहे,
दर शनिवारी चालवायची, असं काकांनीच शिकवलेलं.
आज शनिवार.
पराते पावती मागताहेत.