अळंबीची जागा

कालवं कुठे लागतात ते सगळ्या गावाला ठाऊक असतं.
सुकती लागली की खडपावर बायका दिसतातच,
कोयतीची टकटक पार देवळापर्यंत येते.
शिवल्यांचं तेच, मुठ्यांचं तेच.
टाकळा तर वाटेवर उगवतो, कोणाच्या बापाचा नाही.
पण अळंबीची जागा
माणूस बायकोलासुद्धा सांगत नाही.

लुमा घाडी दर श्रावणात एकदा
कुंभ्याच्या पानात बांधलेला पुडा
आमच्या पडवीच्या कठड्यावर ठेवून जायचा.
मी विचारायची, "खंय गावली?"
तो म्हणायचा, "गावली."
एवढंच. बावीस वर्षं.

एकदा मी त्याच्या मागावर गेले होते, खोटं कशाला बोलू.
पहाटे, इरलं डोक्यावर, बॅटरी विझवून.
तो व्हाळ उतरला, मी उतरले.
तो थांबला, मी घाणेरीत बसले.
त्याने सावकाश एक विडी ओढली
आणि मागे न वळता म्हणाला,
"वैनी, पायाक जळू लागली आसतली, बगा."
खरंच लागली होती.
त्या वर्षी पुडा जरा मोठा होता.

औंदा आषाढात त्याची उजवी बाजू गेली.
जीभही गेली, एक शब्द सोडून:
"व्हय."
पाणी हवं, व्हय. नको, तरी व्हय.
दुपारी मी पेज घेऊन जाते,
उकड्या तांदळाची, सोबत खारातल्या कैरीची फोड.
डाव्या हाताने जेवायला तो अजून शिकतोच आहे,
पोरासारखा, रागारागाने.

नारळी पौर्णिमेला दोन दिवस होते.
त्याने ताट जवळ ओढलं, पण घास घेतला नाही.
पेजेच्या पाण्यात बोट बुडवून
एक वाकडी रेघ काढली.
"व्हाळ?"
"व्हय."
रेघेच्या कडेला मिठाचा खडा.
"गोठणीवरचा धोंडा?"
"व्हय."
मग कैरीची फोड, जपून, आडवी.
"डोंगर?" "व्हय."
"का कुळागर?" "व्हय."
तो चिडला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.
फोडीच्या पलीकडे नखाने
तीन शितं सरकवली,
आणि माझ्याकडे असं बघितलं,
की मी पदर सावरला.

मग त्याने बोटाने सगळं गोळा केलं,
व्हाळ, धोंडा, फोड, शितं,
आणि खाऊन टाकलं.
मिठाचा खडासुद्धा.

दोन पहाटा मी चुकले.
डोंगर नव्हता, कुळागरही नव्हतं.
तिसऱ्या दिवशी बंद चिरेखाणीच्या कडेला आले,
आत पावसाचं पाणी साचलेलं,
हिरवं, आंबट हिरवं,
खारातल्या फोडीसारखं.
पलीकडे काजूखाली वारूळ,
आणि वारुळाभोवती ती.
काही उमललेली, काही अजून मुठी मिटून.
कोणी मोठ्याने हसलं तर उठून जातील अशी.

कोयती व्हाळापलीकडेच ठेवली होती,
त्यांना लोखंड लावत नाहीत.
बांबूच्या कांबीने काढली,
मिटलेल्या ठेवल्या.
वारुळाला हात जोडले,
आत सातेरी असते म्हणतात, नसली तरी मुंग्या होत्या.

परतताना पाणंदीत इंदिरा मेस्त्रीण भेटली.
ओटीकडे बघून म्हणाली, "खंय गावली गो?"
मी तोंड उघडलं.
"इंदू," म्हटलं, "तुझ्या पायाक जळू लागली हा, बघ."
ती खाली वाकली, तेवढ्यात मी पुढे.
तिच्या पायाला काही नव्हतं.

हळदीच्या पाण्यात सात वेळा धुतली,
माती तरी थोडी राहतेच.
कांदा-खोबरं भाजून वाटप, दोन त्रिफळं,
आणि वर काही नाही.
लुमाला पहिला घास भरवला.
तो खूप वेळ चावत राहिला, डोळे मिटून.
"मीठ बरोबर आसा?"
"व्हय."
"का जास्त झाला?"
"व्हय."