जारचं पाणी

रिटायर व्हायच्या आदल्या फेरीला
यांनी चिखलदऱ्याहून तीन रोपं आणली,
ड्रायव्हर सीटच्या मागं, ओल्या गोणपाटात.
म्हणाले, कॉफी.
मनकर्णाबाई म्हणाल्या, "बाप्पा! अथी तं निंबू जगत नाई."

खोटं नव्हतं. आमचा खारपाण पट्टा.
विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
साबण फेस धरत नाही.
महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या,
तव्यावर विसरलेल्या पोळीसारख्या.
मग झाडंही जारचं पाणी प्यायला लागली.
दहा रुपयांचा जार,
आम्ही दोघं आणि ती तिघं.

एक रोप पहिल्याच मे महिन्यात गेलं.
दुसरं बकरीनं खाल्लं. बकरीला काही झालं नाही.
तिसऱ्यासाठी यांनी कूलरचं तोंड फिरवलं.
सेहेचाळीस डिग्री, भर दुपार,
हे बनियन पिळतायत
आणि झाड गार वाऱ्यात पानं हलवत बसलंय,
जावयासारखं.
मी बोलले नाही असं नाही.

चौथ्या वर्षी, एप्रिलात, पाण्याचं मशीन बिघडलं.
पंधरा दिवस झाडाला वाटीभर, तेही भांडून.
नवा जार आला, तो उचलताना
माझ्याच हातून निसटला,
अख्खा, कुंडीत.
हे काहीच बोलले नाहीत.
त्याचाच जास्त राग आला.

नवव्या दिवशी पहाटे अंगणात वास.
आमच्याकडे मोगरा नाही.
कंदील घेऊन गेले तर
पेरापेराला पांढरं.
दोन दिवसांत झडलंही.

संक्रांतीला त्रेचाळीस फळं लाल झाली.
चोळली, सुपात वाळवली, तव्यावर भाजली.
"काय जाळून रायली वं?" भिंतीवरून मनकर्णाबाई.
खलबत्त्यात कुटून
तीन अर्धे कप निघाले.
बाई प्यायल्या, तोंड वाकडं केलं,
"चांगली हाये. आता चहा मांड."

यांनी कप दोन्ही हातांनी धरलेला.
बावीस वर्षं घाटावर गाडी नेली.
वर दहा मिनिटं थांबायची,
टायर बघायचे, नोंद करायची, परत.
"अशी लागते व्हय," म्हणाले.

मी म्हटलं, गार होते.
आणि जारवाल्याला फोन लावला:
उद्यापासून दोन ठेव.