चार गठ्ठ्यांतली द्वारका

मुखपृष्ठ आधीच गेलं होतं,
लिहिणाऱ्याचं नावही त्याच्यासोबत.
मग वाळवीनं पाठ खाल्ली
आणि कादंबरी चार जागी उकलली.
पुलगावचा बाइंडर वर्षातून दोनदा येतो.
तोवर मी चार सुतळ्या घेतल्या,
चार गठ्ठे बांधले
आणि वाचनालयाच्या वहीत एकाच नंबरापुढं
चार नावं लिहिली.

पहिला गुल्हानेला, पिठाच्या गिरणीत.
दुसरा कुंदा उईकेला, अंगणवाडीत.
तिसरा नसीरभाई टेलरला.
चौथा माझ्याजवळ राहिला,
कोणी मागितला नाही म्हणून.

संध्याकाळी लाइन गेली की गिरणीचा पट्टा थांबतो
आणि आम्ही कट्ट्यांवर बसून द्वारकेचं बोलतो.

'अकरा वर्षांची पोट्टी,' गुल्हाने सांगतो,
भुवयांवर ज्वारीचं पीठ,
'लोकाइच्या चिंचा पाडते,
पण इचारलं का कबूल करते.
खोटं म्हणून बोलत नाही.'

नसीरभाई हसतो, गळ्यात टेप तसाच.
'तुमची द्वारका कोनती हो?
माझ्यावाली तर पानोपानी खोटं बोलते.
नवऱ्याले, बँकेवाल्याले, पोटच्या पोराले.
अन् असं बोलते,
का आपनच माफ करून टाकतो.'

कुंदाजवळ मधली द्वारका.
ती अजून काही ठरवत नाही,
नव्वद पानं नुसती उभी:
विहिरीवर, चुलीपाशी, एसटीच्या थांब्यावर.
'मले वाटते, ती शिकून राह्यली,' कुंदा म्हणते.
'एकशे बाराव्या पानावर सासू इचारते, जेवली का?
ती म्हणते, हो.
जेवली नसते.
बस, तेथूनच.'

अंधारात कोणाची तरी काडी पेटली, विझली.
'हे काही खोटं नाही होय,' गुल्हाने.
'मंग काय होय?' नसीरभाई.
लाइन येईपर्यंत तेवढ्यावरच भांडण.
दळणाला आलेली एक बाई, कादंबरीशी काही संबंध नसलेली,
डबा उचलताना म्हणाली,
'जेवली म्हणाव लागते वो, नाहीतर वाढाव लागते कोनालेतरी.'

मला कोणी काही विचारत नाही.
नियमच तसा, पुढचं सांगायचं नाही.
माझ्या गठ्ठ्याच्या पहिल्याच ओळीत
तिची लुगडी वाटून घेताहेत.
कोणतं कोणाला, यावर बाया अडल्यात
आणि तिचा मुलगा दारात बसून
तिच्या चपलांची धूळ पुसतोय.
पुढं सत्तर पानं ती नाही,
तरी दर पानावर कोणीतरी तिला हाक मारून बसतं.

एकदा गुल्हानेनं विचारलंच,
'बरी हाये ना वो ती?'
'बरी आहे,' मी म्हटलं.
म्हणजे मीही एकशे बाराव्या पानावर.

बुधवारच्या बाजाराला गठ्ठे बदलायचे ठरले.
माझा नसीरभाईला, त्याचा कुंदाला,
कुंदाचा गुल्हानेला,
गुल्हानेचा मला.
गुल्हाने रिकाम्या हातानं आला.
'वाचून राह्यलो अजून.'
अठ्ठ्याऐंशी पानं, अडीच महिने.
कुंदाचा गठ्ठा त्यानं घेतला
आणि तराजूमागच्या फळीवर ठेवला.
सुतळीची गाठ माझीच, तशीच.

नसीरभाई दोन संध्याकाळ आला नाही.
तिसऱ्या दिवशी आला, टेप घरीच विसरून.
माझ्याकडं पाहिलं, मी कट्ट्यावरचं पीठ झटकलं.
आता तो हसत नाही.
गुल्हानेला म्हणतो,
'ते चिंचेचं सांगा बरं पुन्हा.'

काल बाइंडर आला.
गोंदाचा डबा, दाभण, जुन्या निवडणुकीच्या पोस्टरचा जाड कागद.
टेबलावर गठ्ठे मांडले:
एकात खूण म्हणून निळा दोरा,
एकाच्या कडेला लहान्या बोटांचा हळदीचा ठसा,
एक कोरा, कोणी न उघडल्यासारखा,
तो माझा आणि नसीरभाईचा.
'चौथा?' बाइंडर म्हणाला.

मी गिरणीवर गेले.
गुल्हानेचा पोरगा दारातच आडवा.
'बाबा वावरात गेले, गिरणी बंद हाये.'
त्याच्या मागं
पट्टा चालू होता.